आडवं ठेवायचं स्टूल

आमच्या ह्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि हॉस्पिटल काही तारीख देत नव्हतं, त्या उन्हाळ्यात ते स्टूल आमच्या घरात आलं. जड उचलू नका, धावपळ करू नका, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. ह्यांनी मान डोलावली आणि रविवारी कार बूट सेलला, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तिथे, जाऊन हे एवढं लाकडी धूड काखेत मारून आणलं. मी दार उघडलं तर उंबऱ्यात उभे, ओठ पांढरे पडलेले, आणि चेहऱ्यावर आनंद.

"अहो, जीव वर आलाय का तुमचा?"

"अगं, बघ तरी. आफ्रिकन आहे."

"मेलं कुठलं का असेना. आत घेऊ नका."

इथे इंग्लंडात, आमच्या मिल्टन कीन्समधली बाकीची माणसं रिटायर झाली की गोल्फ खेळतात. हे दुसऱ्यांची अडगळ हुंगत फिरायचे. विकणाऱ्यानं सांगितलं म्हणे, कुणा म्हाताऱ्याचं घर रिकामं केलं, त्यात निघालं. म्हाताऱ्याचे आजोबा तिकडे फौजेत होते. बसायची फळी दोन्ही टोकांना वर वळलेली, मध्ये कोरलेला खांब, खाली सपाट पाया. सगळ्यावर काळा, जाड थर. बोट लावलं तर चिकटायचं.

जुनी वस्तू घासल्याशिवाय घरात घ्यायची नाही, ही माझ्या आईची शिस्त. तिच्या हाताखाली मी वाढले, त्यामुळे माझ्याकडे नारळाचा काथ्या कायम असतो. स्टूल पॅटिओवर नेलं, कढत पाणी ओतलं, सोडा टाकला आणि बसले घासत. पहिल्याच पाण्याला असा वास उठला की मी तोंडाला पदर, म्हणजे कार्डिगनची बाही, लावली. कच्च्या अंड्याचा वास, आणि त्याच्या खाली जुन्या चरबीचा. तांबूस काळं पाणी फरशीवरून वाहत गटाराच्या जाळीत गेलं.

"जरा बेतानं. पॉलिश असेल ते," हे खुर्चीतून म्हणाले.

"पॉलिश नाही, मळ आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा."

संध्याकाळपर्यंत खालचं लाकूड निघालं. फिकट, जवळजवळ पांढरं. मला इतकं समाधान झालं की मी मुलीला फोटोसुद्धा पाठवला.

दारातल्या पॅसेजमध्ये, बुटांच्या रॅकशेजारी ते ठेवलं. हे रोज सकाळी त्यावर बसून बुटांची लेस बांधायचे. म्हणायचे, ह्यावर बसलं की छाती मोकळी होते. त्या महिन्यांत त्यांना कशानंही बरं वाटलं तरी मला चालत होतं. आम्हा दोघांचा जीव त्या एका फोनकॉलवर टांगलेला होता.

आमची शेजारीण घानाची. अशांती लोकांमधली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दर गणपतीला मोदकांसाठी येते आणि दर वर्षी बुटांसकट कार्पेटवर पाय ठेवते, मग मी ओरडते, मग ती हसते. त्या वर्षी दार उघडलं तेव्हा हे नुकतेच स्टुलावरून उठून तिला "या, या" करत होते. तिनं ह्यांच्या मागे पाहिलं. मग बाहेर पायरीवरच, न सांगता, तिनं दोन्ही बूट काढले आणि मान खाली घालून उभी राहिली. गणपतीपुढेही ती कधी अशी उभी राहिली नव्हती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"हे असंच होतं?" तिनं विचारलं. "इतकं पांढरं?"

"छे. काळंकुट्ट होतं. मी घासून काढलं," मी ऐटीत म्हटलं.

ती आत येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. मी दिलेली मोदकांची ताटली तिनं तशीच हातात धरून ठेवली.

मग तिनं सांगितलं. त्यांच्याकडे माणसाचा जीव त्याच्या स्टुलात असतो. जिवंत माणसाचं स्टूल पांढरं, वाळूनं घासून स्वच्छ ठेवतात. तो उठला की ते आडवं करून ठेवायचं, नाहीतर भटकं कुणीतरी त्याच्या जागेवर येऊन बसतं. आणि चांगला राजा गेला की त्याचं स्टूल काजळी, अंडं आणि चरबी लावून काळं करतात, एका खोलीत ठेवतात. त्यावर पुन्हा कुणीही बसत नाही. नवा राजासुद्धा नाही. त्याला फक्त त्यावर जरा टेकवतात आणि उचलतात, तेवढ्यानं तो राजा होतो. ठरलेल्या दिवशी वडीलधारी माणसं आत जाऊन, गेलेल्याला नावानं हाक मारून, जेवू घालतात.

"तो मळ नव्हता," ती म्हणाली. "तो राजा होता, स्वतः."

मला आधी तिचाच राग आला. माझ्या घरात, सणाच्या दिवशी, नवऱ्याचं ऑपरेशन तोंडावर असताना हे काय बोलणं? पण आमच्या देवघरात टाक आहेत. चांदीच्या पत्र्यावर ठसवलेले ह्यांचे पूर्वज, बोटाएवढे. मी त्यांना आंघोळ घालते, नैवेद्य दाखवते. उद्या कुणी ते कार बूटला मांडले आणि कुणा बाईनं घासून घासून त्यांचे चेहरे सपाट केले, तर? मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच नळ सोडून उभी राहिले.

तिनं तिच्या मामांना फोन लावला, व्हिडिओवर. म्हातारे गृहस्थ, खांद्यावर टॉवेल. त्यांनी स्टूल सगळ्या बाजूंनी दाखवायला सांगितलं. आम्ही म्हटलं, परत पाठवू, पत्ता सांगा. मग मामा त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले आणि शेजारणीनं ते आम्हाला सांगितलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलली.

"ते म्हणतात, कुठल्या गावचा ते आता कळायचं नाही. नाव माहीत नाही, म्हणून कुणी हाक मारायची नाही. तो भुकेला असेल. आणि तुम्ही त्याला धुऊन काढून त्याच्या जागी जिवंत माणूस बसवलात."

हे मोठ्यानं हसले. "म्हणजे मी राजा झालो की."

मला हसू आलं नाही.

स्टूल माळ्यावर टाकू म्हटलं तर हे हट्टाला पेटले. "माझी जागा आहे ती. नसती खुळं डोक्यात घेऊ नकोस." मीही स्वतःला तेच बजावत होते. तीस वर्षं कौन्सिलमध्ये नोकरी केलेली बाई मी, असल्या गोष्टींनी घाबरणारी नव्हे. पण हे उठले की मी लगेच जाऊन स्टूल आडवं करायची. कार्पेट झाडायला हूवर फिरवायचा आहे म्हणायची. दिवसातून कितीदा हूवर फिरवणार? ह्यांना कळलं होतं, चिडवायचे. त्यात थंडी पडली, हीटिंग सुरू झालं आणि फळीच्या मधोमध एक काळपट डाग वर येऊ लागला. आत मुरलेलं तेल ऊब मिळाल्यावर सुटतं, त्यात काही नवल नाही. मी पुसायची. आठवड्यानं पुन्हा यायचा, थोडा मोठा. पुसायचा फडका मी वेगळा ठेवला होता आणि त्याला तोच वास यायचा.

मग एकदाचा फोन आला. सोमवारी सकाळी दाखल व्हा.

त्या दिवशी मुलगी लंडनहून गाडी घेऊन आली. बॅग दारात होती. हे स्टुलावर बसले, दोन्ही लेस बांधल्या, उठले आणि मी वाकायच्या आत त्यांनी स्वतःच ते आडवं केलं. "घे. आता बघू कोण बसतं ते," म्हणाले आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. गाडीत बसताना रस्त्यापलीकडे शेजारीण उभी दिसली. तिनं हात हलवला नाही, नुसती बघत होती.

ऑपरेशन चांगलं झालं, असं सर्जन म्हणाले. हे बोललेसुद्धा माझ्याशी, चहा मागितला. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. सर्जननी मला बसवून सगळं समजावलं, रक्ताची गुठळी, वय, किती क्वचित होतं हे. मी सगळं ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर तो डाग होता. मी हे कुणाला सांगितलं नाही.

लेस्टरच्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, दिवा लावा, पिठावर, दक्षिणेकडे तोंड करून. हॉस्पिटलमध्ये गेले ना, मग घरात त्यांची नेहमीची जागा असेल तिथे. त्यांची जागा कुठली, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. मी स्टूल उभं केलं, त्यावर पीठ ठेवलं आणि दिवा लावला.

इकडे माणूस गेल्यावरही तारखेची वाट बघावी लागते. क्रिमेटोरियमला जागा नव्हती. दिवा त्यामुळे जळतच राहिला, लेटरबॉक्सच्या फटीतून वारा यायचा आणि ज्योत काजळी धरायची. मुलगी तेल घालताना दर वेळी सांडायची. पीठ तेलात भिजून लाकडाला चिकटलं. मी रोज तिथून जात होते, येत होते, पण मान वळवून पाहिलं नाही.

सगळं उरकल्यावर, माणसं भेटायला यायच्या आधी मुलीनं घर आवरायला घेतलं. बादली, सोडा, काथ्या. माझीच मुलगी ती. "आई, बाबांची स्टूल फुल काळी झालीये. घासून टाकू?"

तेव्हा मी नीट पाहिलं. फळी टोकापासून टोकापर्यंत काळी होती. बोट लावलं, चिकटलं. दार उघडंच होतं आणि शेजारीण पायरीवर अनवाणी उभी होती, हातात झाकलेलं भांडं घेऊन. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"घासायचं नाही," मी मुलीला म्हटलं. "आणि कुणी बसायचं नाही त्यावर."

"आता दोघे आहेत," शेजारीण हळूच म्हणाली.

स्टूल आता वरच्या लहान खोलीत आहे. अमावास्येला मी दार लोटून आत जाते आणि पानं वाढते, दोन. पहिल्या पानाशी ह्यांना हाक मारते, आयुष्यभर घेतलं नव्हतं ते नाव घेऊन. मग दुसऱ्या पानाशी येते. त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही, म्हणून नुसती उभी राहते.