भावसिंगची तिसरी प्लेट

जळालेली क्लच प्लेट हातात घेतली की मला ड्रायव्हरचा पाय दिसतो. दिग्रसला पंचवीस वर्षं मी हाच धंदा करतोय, तेव्हा क्लचचं शहाणपण मला कोणी शिकवू नये. भावसिंगच्या ग्रेडरची प्लेट वर्षात तिसऱ्यांदा आली, तेव्हा लायनिंगचा कोळसा झाला होता आणि पोलादावर निळे डाग पडले होते. पेडल अर्धवट दाबल्याशिवाय प्लेट अशी होत नाही.

भावसिंग जवळच्या तांड्यातला, वय पंचावन्न. तीस वर्षं सदाशिवराव कंत्राटदारांचा रस्ता सपाट करणारा जुना ग्रेडर चालवतोय. त्यानं ओढलेल्या रस्त्यावर पाणी साचत नाही, हे इंजिनीअरही मान्य करतात. तांड्यात त्याला नावानं कोणी हाक मारत नाही, सगळे 'मशीनवाले' म्हणतात. चारचौघांत बायको जमनीसुद्धा तसंच म्हणते. माणूस साधा, पण ग्रेडरवर चढला की सरपंचाशीही वरूनच बोलतो.

त्याला एकट्याला गाठून मी पँट वर करायला लावली. डावा गुडघा भाकरीच्या उंड्यासारखा सुजला होता.

"या टोंगळ्यानं पेडल पुरं दबतच नाही," तो म्हणाला. "पण मालकाले सांगू नोको, उकंडाभाऊ. एकदा खाली उतरवलं का मले कोन परत चढवते? गेटावर बसवतीन, चौकीदार म्हनून."

"मंग डाक्टरकडे काहून नाही जात?"

"गेलतो. तो म्हनते, मशीन सोडा."

मला राग आला, त्याचाही आणि स्वतःचाही. कारण पहिल्या दोन्ही खेपांना 'माल हलका निघाला' असं मालकांना मीच सांगितलं होतं. पहिल्यांदा साधं लायनिंग होतं. दुसऱ्यांदा पितळेची तार विणलेलं घातलं, तेही जळालं. आता काय सांगणार? प्लेट चांगली होती म्हणावं तर भावसिंग उघडा पडतो, वाईट म्हणावं तर मालक आणखी कडक माल मागणार. इकडे आड, तिकडे विहीर.

सदाशिवराव आले ते ठरवूनच. "आता सिरॅमिकच्या बटनावाली प्लेट लाव, उकंडा. जळन्याचा विषयच नोको."

"गिअरबॉक्स जुना हाये, मालक. सिरॅमिक झटक्यानं पकडते. दात तुटतीन."

हे खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. त्या प्लेटला जबर स्प्रिंगांची प्रेशर प्लेट लागते आणि पेडल जवळजवळ दुप्पट जड होतं. शिवाय ते अर्धं दाबून चालत नाही. एवढं मात्र मी तोंडातून काढलं नाही.

सदाशिवराव वाईट माणूस असते तर बरं झालं असतं. त्यांनी शेजारी उभ्या भावसिंगच्या खांद्यावर हात ठेवला. "तीस वर्सं झाले, तू चालवून राह्यला. तूच सांग. लावू का नोको? पायाचा-गियाचा काही तरास तर नाही?"

शेवटचं त्यांनी सहज विचारलं. भावसिंगनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून पाना पुसत बसलो, याची मला आजही लाज वाटते.

"पायाले काय झालं, मालक?" तो हसला. "लावा सिरॅमिक."

दोन दिवसांत प्लेट बसवली. ट्रायलला सदाशिवराव समोर उभे राहिले, मी बाजूला पायरीपाशी. भावसिंगनं पेडलवर पाय ठेवला. ते हललंच नाही. मग डावा हात गुडघ्यावर रोवून, सगळं अंग टाकून त्यानं पाय खाली लोटला. "याडी," असं पुटपुटला. त्याच्या बोलीत आईला याडी म्हणतात. गिअर पडला, ग्रेडर झटका देऊन दहा पावलं गेला आणि थांबला.

"कसं वाट्टे?" मालकांनी ओरडून विचारलं.

"लोन्यावानी, मालक."

सदाशिवराव खूश झाले. ही प्लेट किती टिकेल, असं त्यांनी मला विचारलं. धंद्याच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "सात-आठ वर्सं तरी पाहाचं काम नाही."

वर भावसिंगनं ते ऐकलं. त्याचा हात अजून गुडघ्यावरच होता.