रोझीबाईंच्या वांग्यांखालचं गवत

स्टाफरूममध्ये दुपारचे डबे उघडले की किस्से आपसूक जमतात. कुणी मुद्दाम सांगायला बसत नाही. यंदा कट्टा गावाजवळच्या आमच्या शाळेत निम्मे किस्से गवताचेच!

पाऊस संपल्यावर मैदानातलं गवत मशीनने कापलं. विज्ञानाच्या रोझीबाईंनी ते गवत परसबागेत वांगी-मिरच्यांच्या बुडाशी पसरायला मागून घेतलं. ओल टिकते म्हणे. आमची विहीर शिमग्याला तळ दाखवते आणि बाग करपते, त्यामुळे हेडसर वैतागलेलेच होते. म्हणाले, "शिमग्यापर्यंत हिरवी राहिली तर बाग. नाहीतर पेव्हर ब्लॉक घालून पार्किंग!"

बाईंनी उत्साहात ओल्या गवताचा जाड थर दिला. असा वास सुटला की स्टाफरूमची खिडकी उघडायची सोय राहिली नाही. मी विचारलं, "बाई, गवत घातलंत की कुजके बांगडे?"

"सर, सुकवून पातळ घालूक होया होता. चुकला माझा," म्हणाल्या, आणि सगळं पुन्हा उपसून उन्हात पसरलं.

नाताळात बाई बहिणीकडे म्हापशाला गेल्या. जाताना मुळ्याच्या रिकाम्या वाफ्यावर सुकं गवत अंथरून गेल्या. आता, भाताची रोपं करायची तर आधी वर पालापाचोळा जाळून जमीन भाजायची, ही आमच्याकडची रीत. शिपाई दाजी त्या रीतीचे पक्के! बाई परतल्या तर दाजी फाटकात उभे. "बाई, वाफो झकास भाजून ठेवलंय. आता खुशाल पेरा!"

बाईंनी डोळे मिटले. मग पिशवीतली दोदोलची, नाताळच्या गोडाची, वडी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

एकदा शेजारची गाय आत शिरली. वांग्यांना तोंड लावलं नाही, गवताची अख्खी ओळ मात्र फस्त! वर मालकीणच आमच्यावर तापली. "गुरांच्या तोंडचा गवत मिरच्यांका घालतास? ह्या खंयचा शिक्षण?" हेडसरांनी मान डोलावली. मला राग आला, कारण तोवर माझाही जीव त्या वांग्यांत अडकला होता.

शिमग्याला विहीर आटली. बाग हिरवी होती, तरी "अंदाज तरी घेऊ" म्हणत हेडसरांनी ब्लॉकवाल्या कंत्राटदाराला बोलावलंच. बाई दाराशी उभ्या होत्या. कंत्राटदार टेप लावायला वाकला. गवत बाजूला सारलं, मातीत बोटं घातली आणि बोटांना लागलेली ओल अंगठ्याने चोळून बघितली.

"मोजूचा मागाहून बघूया, सर," तो म्हणाला. "आधी सांगा, ह्यातला थोडा गवत माका मिळात काय? घराकडची मिरची पार करपली. टेम्पो भायर आसा."