दिल्ली, दोन तास दहा मिनिटं

माझी ठकीमावशी बावीस वर्षं घोलवडच्या एका वखारीत चिकू निवडते. कैनाडच्या पाड्यावरून दोन टमटम बदलून यायला तिला दीड तास लागतो. वखारीत पंधरा बायका चिकू धुतात, घासतात. निवडीच्या बाकावर मात्र ती एकटीच बसते. ती एकच प्रश्न विचारते, "किती तासांचा माल?" सुरतेला वेगळे चिकू, दिल्लीला वेगळे. दिल्लीच्या रेल्वेत दगडासारखे कडक चढतात आणि गिऱ्हाइकाच्या घरी मऊ होतात. तिचं खोकं कधी परत आलं नव्हतं.

२०१७ च्या मार्चमध्ये वखारीच्या शेठचा मुलगा देवेश दिल्लीच्या दुकानाची ऑर्डर घेऊन आला. बारा खोकी, विमानानं. पोचल्या दिवशीच चिकू खाता आले पाहिजेत.

"किती तास, शेठ?"

"तुझी भाची डिप्लोमावाली ना? तिला विचार."

मी तिथं नवा इलेक्ट्रॉनिक काटा बसवत होते. फोन काढला. मुंबई विमानतळ ते दिल्ली विमानतळ, सरळ रेषेत साधारण साडेअकराशे किलोमीटर. दोन तास दहा मिनिटं.

मावशीचा हात थांबला. "मी घरून इथं येऊन चहा पिते, तेवढ्यात दिल्ली? थट्टा करतेस काय गं?"

"ठके, उद्यापासून विमानानंच ये कामाला!" घासणाऱ्या जमनानं हाक दिली. सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही.

"नक्की ना, पोरी?"

"नक्की."

मग तिनं देठापाशी अंगठा किंचित आत जाणारे चिकू निवडले. असे तिनं कधीच बाहेरगावी पाठवले नव्हते.

चौथ्या दिवशी देवेशनं फोटो तिच्यापुढं धरला. खोक्यात नुसती राड होती, तळातून रस गळत होता.

"बावीस वर्षांत एवढं कळलं नाही? उद्यापासून घासायला बस. निवडीला जमना."

"शेठ, तास मी सांगितले होते," मी म्हणाले.

"मग तास चुकले का?"

चुकले नव्हते. मी ट्रकवाल्याला फोन केला, मग पार्सलवाल्याला. विमानतळाजवळच्या गोदामात खोकी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पडून होती. उतरल्यावर दिल्लीच्या गोदामात पुन्हा तेच. कागदावर बेरीज केली: सेहेचाळीस तास. विश्वास बसेना, पुन्हा केली. तेवढीच. त्यातले हवेत फक्त दोन तास दहा मिनिटं.

मावशीला दाखवलं.

"म्हणजे रेल्वे लवकर पोचते?"

"हो."

"बाई गं! आणि तू शिकलेली."

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दुकानाला बदली खोकी द्यायचीच होती. मावशी स्वतः देवेशकडं गेली. "सेहेचाळीस तासांची बारा खोकी मी भरते. बिघडली तर घासायलाही येणार नाही."

तिच्याकडं दुसरं काम नव्हतं.

पुढचे चार दिवस मी देवेशचा फोन वाजला की दचकत होते. शेवटी फोटो आला: बशीत अर्धा कापलेला चिकू, गुळासारखा तांबूस, बी चकचकीत. देवेशनं तो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला.

"जमना, ऊठ."

मावशी बाकावर बसली, फळ उचललं आणि देवेशला नाही, मला विचारलं, "हा सुरतेचा. झाडावरून उतरल्यापासून धर. किती तास?"

मी फोन पिशवीत टाकला आणि ट्रकवाल्याला विचारायला बाहेर गेले.