परवाच रंगवलेली भिंत

कोरपन्याजवळच्या एका गावात नवीन बुद्धविहार बांधून झाला. उद्घाटनाच्या फ्लेक्ससाठी फोटो काढायचे काम माझ्याकडे आले. एरवी मी वर्तमानपत्रासाठी फोटो काढतो; बातमीच्या फोटोत रंग बदलायचे नसतात. फ्लेक्सला ती अट नव्हती.

बाहेर कडक ऊन होते, आत मूर्तीजवळ अंधार. एका फोटोत दोन्ही नीट येईनात. म्हणून कमी, मध्यम आणि जास्त उजेडाचे तीन फोटो घेऊन लॅपटॉपवर एकत्र केले. याला एचडीआर म्हणतात. इफेक्ट बराच वर नेला, रंगांना सोनेरी झाक दिली. मूर्ती उजळली, आभाळातले विरळ ढग दाट दिसू लागले. चित्र मला बरे वाटले.

महिला मंडळाच्या अध्यक्षबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. विहाराच्या भिंती मंडळातल्या बायकांनी शेतातून आल्यावर स्वतः रंगवल्या होत्या. ते काम फ्लेक्सवर चांगले दिसावे, एवढेच त्यांना हवे होते.

"भाऊ, भिंत काऊन अशी दिसून राह्यली? अंगावर देवी निघाल्यावानी."

प्लास्टरचा कण न् कण इफेक्टने वर काढला होता.

"त्यानं फोटो उठावदार होतो, बाई."

"उठावदार नाई, म्हातारी झाली. परवा तं रंग देला आमी."

मागे उभी असलेली त्यांची जाऊ म्हणाली, "अन् झेंड्यातला पांढरा कुठी गेला? हळद लागली का त्याले?"

विहारावरच्या पंचशील ध्वजाचा पांढरा पट्टा पिवळ्या पट्ट्यासारखाच दिसत होता. तोच पट्टा पांढरा धरून मी रंगांचा तोल पुन्हा ठरवला. सोनेरी झाक गेली. केशरी लालापासून सुटा झाला. मग इफेक्ट हळूहळू खाली आणला. भिंत गुळगुळीत होत गेली, तसा मूर्तीचा चेहरा काळवंडू लागला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "जरासं मागं घ्या. भिंत थोडी खरबरीत दिसली तं दिसू द्या, बुद्धाचा चेहरा दिसला पायजे."

"ढग मात्र गेले."

"जाऊ द्या. कार्यक्रमात पाणी कोणाले पायजे?"

उद्घाटनाच्या सकाळी फ्लेक्स फाटकावर लागला. विहार समोरच होता, तरी बायकांची गर्दी फ्लेक्सपुढे होती. जाऊबाई माहेरच्या पाहुणीला बोटाने दाखवत होत्या, "दाराच्या इकडची भिंत माही. वरची या अध्यक्षबाईची. शिडीवर दुसरं कोणी चढेच ना."

अध्यक्षबाईंनी पदर सारखा केला आणि आणखी थोडे वर बोट दाखवले, "तिथपर्यंत."