शिळ्या पाण्यावरचं जेड

आमच्या दौंडच्या घराला अंगण म्हणावं असं काही नाही. दारापुढे फरशीचा पट्टा आहे आणि त्याला लागून कंबरेएवढी भिंत. त्या भिंतीवर कुंड्यांतून माझी जेडची झाडं बसलेली असतात. बसलेली म्हणते, कारण ती तशीच दिसतात, जेवून सुस्तावलेल्या बायकांसारखी. जाड पानं, जाड खोड, कुठं जायची घाई नाही.

पहिलं जेड आलं ते रेल्वे कॉलनीतल्या एका शेजारणीकडून. तिच्या नवऱ्याची बदली झाली, सामान टेम्पोत चढलं आणि एक कुंडी उरली. ती माझ्या फाटकाशी ठेवून म्हणाली, "याला विसरलात तरी चालेल." मला तेव्हा वाटलं, बाई घाईत बोलायचं म्हणून बोलली. पुढं कळलं की जेडबद्दल त्याहून खरं वाक्य नाही. ते विसरल्यानं मरत नाही. मरतं ते जास्त आठवण ठेवल्यानं.

शाळा माझी सातवीपर्यंत. झाडांचं मला कुणी शिकवलं नाही, मेलेल्या झाडांनी शिकवलं. आता कॉलनीतल्या सुना मोबाइलवर पानांचे फोटो पाठवतात आणि विचारतात, काकू, याला काय झालं? मी चष्मा लावून बघते. पानाची कड लाल झाली असेल तर ऊन लागतंय, घाबरू नका, फक्त एप्रिल-मेमध्ये दुपारी आडोशाला घ्या. फांदी काडीसारखी लांब आणि पानं विरळ, तर उजेड कमी पडतोय, खिडकीत सरकवा. पानांच्या बेचक्यात कापूस चिकटल्यासारखं पांढरं दिसलं तर ती कीड. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पुसून काढा, आणि दोन-चार दिवसांनी परत बघा, कारण ती चिवट असते. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे सुरकुतलेलं पान. तहान लागली तरी पान सुरकुततं, आणि मुळं कुजली तरी सुरकुततं, कारण कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. माणूस सुरकुती बघतो आणि आणखी एक तांब्या ओततो. म्हणून आधी मातीत बोट घालावं, मग तांब्याला हात लावावा.

हे सगळं आधीच सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला माझ्या भाच्याचा फोन आला. भाचा म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचा मुलगा. नोकरी रांजणगावच्या कंपनीत, फ्लॅट वाघोलीला. नणंद राहतात शिरूरला, एकट्या. यजमान गेले तेव्हापासून मुलगा म्हणतोय, आई, वाघोलीला चल. आणि आई म्हणतेय, बघू.

"मामी, तुमच्या वन्संनी जेड मारलं," तो म्हणाला.

"मेलं कशावरून?"

"पानं गळून सडा पडलाय. रविवारी मी बघून आलो. आता तरी पटलं का सगळ्यांना?"

हे 'सगळ्यांना' माझ्यासाठी होतं, कारण मी वन्संच्या बाजूची. झालं असं होतं, दिवाळीत त्यानंच आईला ते जेड आणून दिलेलं. पांढऱ्याशुभ्र चिनीमातीच्या कुंडीत, वर गुळगुळीत खडे पसरलेले. तेव्हाही वाघोलीचा विषय निघाला होता आणि नणंद म्हणाल्या होत्या, माझं मला करता येतंय. त्यावर हा फराळाचं ताट हातात धरून सगळ्यांसमोर म्हणाला, "बरं. एवढं एक झाड पुढच्या दिवाळीपर्यंत जगवून दाखव. जगवलंस तर तू म्हणशील तसं. नाही तर वाघोली." सगळे हसले. नणंदही हसल्या. पण मी त्यांना चांगली ओळखते. हसून झाल्यावर त्यांनी कुंडी उचलून स्वतः दारापुढच्या ओट्याच्या कडेला नेऊन ठेवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. थट्टेत ठेवलेली अट होती, पण ठेवली गेली होती.

मी दुसऱ्या दिवशी एसटी धरली. चौफुल्याला बदलून न्हावऱ्यावरून शिरूर. आमचे हे म्हणाले, "एका झाडासाठी एवढा हेलपाटा?" मी म्हटलं, "तुमच्या बहिणीसाठी." मग त्यांनी बहिणीसाठी आणून ठेवलेले भांडगावचे पेरू तेवढे माझ्या पिशवीत कोंबले.

नणंद दारातच होत्या. मला बघून म्हणाल्या, "पोरानं धाडली व्हय पंचनाम्याला?"

"मी माझी आले, वन्सं."

"मंग बस. च्या टाकते."

मी आधी ओट्यावर गेले. जेडची खालची पानं पिवळी, आरपार दिसतील अशी झाली होती. बोट लावलं की गळत होती. वरच्या शेंड्याची पानं मात्र अजून हिरवी होती, थोडी सुरकुतलेली. खोड बुंध्याशी दाबलं तर पिकलेल्या केळ्यासारखं बोट आत गेलं. खडे बाजूला करून मातीत बोट घातलं. चिखल. आणि वास यायला लागला, मोरीच्या जाळीखाली येतो तसा.

"पाणी किती घालता?" मी आत येऊन विचारलं.

"रोज न्हाई घालत. तू सांगितलेलं ध्येनात हाय माझ्या."

"मग?"

"मंग काय. घालते कवातरी."

चहाचा घोट घेतला तर तो इतका गोड की टाळू चिकटली. साखर दोनदा पडली होती. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि उठून दोन्ही कप परत पातेल्यात ओतले, वरून दूध वाढवलं.

खरं सांगते, त्या वेळी मलाही शंका आली. साखर दोनदा पडते तसं पाणीही पडत असेल तर? सकाळी घालायचं, विसरायचं, संध्याकाळी परत घालायचं. भाचा फोनवर जे म्हणत होता ते झाडाबद्दल नव्हतंच, हे मला माहीत होतं. त्याला भीती वाटत होती की आई आता विसरायला लागली. ती भीती खोटी ठरवायला मी आले होते आणि आल्या आल्या साखरेनं त्याची बाजू घेतली.

म्हणून मी राहिले. म्हटलं, डोळ्यानं बघू.

शिरूरला त्यांच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येतं. दुसरा दिवस पाण्याचा होता. पहाटे नळ सूं करायला लागला आणि गल्लीभर भांड्यांचे आवाज सुरू झाले. नणंद उठल्या, पदर खोचला. आणि त्यांनी जे केलं ते मी जन्मभर करत आले आहे, माझ्या आईनं केलं, तुमच्याही आईनं केलं असेल. नवं पाणी भरायच्या आधी जुनं ओतलं. शिळं पाणी प्यायला नको आणि मोरीत टाकायचं जिवावर येतं, म्हणून ते जातं झाडांना. माठातलं राहिलेलं तुळशीला. कळशी कढीपत्त्याला. मोठा हंडा अबोलीला आणि जास्वंदीला वाटून. तळाचं उरलं ते, हंडा पूर्ण उपडा करून, ओट्याच्या कडेच्या शेवटच्या झाडाला. शेवटचं झाड म्हणजे जेड.

समोरच्या घरी तेच चाललं होतं. त्याच्या पलीकडच्याही.

"वन्सं, यालाही घालता?"

"घालते कुठं? रिकामं करते भांडं." त्या हंडा विसळत म्हणाल्या. "पानी घालायचं म्हंजी तांब्या घेऊन घालायचं. ते मी कवा तरी घालते, पानं लई सुकल्यावानी दिसली की. हे तर शिळं पानी हाय."

त्यांच्या हिशेबात शिळं पाणी हे पाणी नव्हतंच. ते भांडी रिकामी करणं होतं. विसरणं दूरच, बाई इतकी नेमाची की एक नळ चुकवला नव्हता.

तरी मला एक कळेना. शिळं पाणी त्या गल्लीतल्या सगळ्याच कुंड्यांना मिळतं, काही सगळ्या कुजत नाहीत. जास्तीचं खालून वाहून जातं. मी ती पांढरी कुंडी दोन्ही हातांनी उचलली. वजन पाट्यासारखं. आडवी केली तर कडेनं काळं पाणी सांडलं. झाड हलकेच उपटलं, माती पाटीत काढली आणि कुंडीच्या आत हात घालून तळ चाचपला. मग कुंडी उलटी केली.

भोक नव्हतं.

नणंद वाकून बघायला लागल्या. "बुडाला भोकच न्हाई व्हय हिच्या?"

"नाही."

"मंग ही कुंडी कशी? ही तर बरणी."

आम्ही दोघी ओट्यावर बसून झाडाचं बघितलं. कुजकं खोड मी विळीवर चकत्या करत वर वर कापत गेले. आत तपकिरी डाग दिसतो तोवर कापायचं, स्वच्छ हिरवट पांढरं लागलं की थांबायचं. थांबले तेव्हा हातात बोटभर लांबीच्या तीन फांद्या उरल्या होत्या. त्या मी वर्तमानपत्रावर ठेवून स्वयंपाकघरातल्या फळीवर सावलीत ठेवल्या.

"आन् माती?"

"आत्ता नाही. जखम सुकू दे. आठवडाभर तरी."

"पान्यावाचून?"

"पाण्यावाचून."

त्यांना ते पटलं नाही. दर थोड्या वेळानं फळीकडे बघत होत्या, पाळण्यातलं पोर बघतात तशा. मग त्यांनी शेतातल्या काळ्या मातीची पाटी पुढं केली, त्यांच्या लेखी याहून चांगलं काय असणार. मी म्हटलं, ही उसाला द्या. काळी माती पाणी धरून बसते, याला ते नको. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून घमेलंभर वाळू मागून आणली, विटेचे तुकडे कुटले, जुनं शेणखत मूठभर. कुंडी म्हणून एक गळका माठ होता, त्याची मान फोडली आणि बुडाला खिळ्यानं भोकं पाडली. नणंदेनं सांगितलं त्याहून दोन भोकं जास्तच पाडली.

दुपारी जेवताना त्या हळूच म्हणाल्या, "नर्सरी हाय बायपासला. असलंच एक आनू. त्याला काय कळतंय, त्याच्या बापाला जवारी आन् बाजरी वळखू येत नव्हती."

"आणायचं का?" मी विचारलं. मी काही सांगणार नव्हते. अट त्यांची होती.

त्यांनी बराच वेळ भात कालवला. "नगं," म्हणाल्या. "मंग मलाच कळंल की."

रविवारी भाचा आला. चपला काढता काढताच ओट्याकडे बघितलं. जागा रिकामी. आत येऊन फळीवरच्या फांद्या बघितल्या.

"हे काय, आई? जेडचं वाळवण?"

"वाळवणच हाय. तळून देऊ?"

तो हसला, पण चेहऱ्यावर दिसत होतं की बोलायचं ठरवून आलाय. तेवढ्यात नणंदेनं ती पांढरी कुंडी आणली, धुऊन पुसून लख्ख केलेली, आणि त्याच्या हातात दिली.

"उलटी कर."

त्यानं केली.

"भोक दाव."

त्यानं तळ बघितला, मग आत बघितलं, मग परत तळ. "शोपीस होतं ते," तो म्हणाला. "ऑनलाइन तसंच येतं."

"बरं मंग. शोपीसमधी जीव कोंबायचा आन् मला म्हनायचं जगवून दाव." त्यांचा आवाज चढला नव्हता. भाजी निवडतानाच्या आवाजात बोलल्या. "माझं बी चुकलंच. शिळं पानी ओतत हुते. पर मला घातलेलं समदं पानी ध्येनात हाय. इचार मामीला."

जेवण झाल्यावर भाचा मला बाहेर ओट्यावर गाठून म्हणाला, "मामी, कुंडीचं जाऊ द्या. आई ठीक आहे ना?"

त्यानं असं सरळ विचारलं हे मला बरं वाटलं. मीही सरळ सांगितलं. चहात साखर दोनदा पडली होती हे सांगितलं, आणि नळाचा एक दिवस चुकत नाही हेही सांगितलं. एवढंच मी बघितलं होतं. त्यापुढचं मला माहीत नव्हतं आणि अजूनही नाही. एकदा साखर कुणाचीही दोनदा पडते. कधी ना कधी त्यांना वाघोलीला जावंही लागेल, मला काय दिसत नाही? पण भोक नसलेल्या बरणीपायी जाऊ नये, एवढंच.

तो आत गेला आणि आईला म्हणाला, "मग आता काय ठरलं?"

"आता ह्या फांद्या लावायच्या," नणंद म्हणाल्या. "त्या मूळ धरूस्तोवर मला हितनं हलता येत न्हाई. नव्या झाडाला लगीच जागा बदलली तर सोसत न्हाई. व्हय का न्हाई, वैनी?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"खरंय," मी म्हटलं.

"किती दिवस लागतात मूळ धरायला?" भाच्यानं विचारलं.

मला ते पक्कं माहीत आहे. माझ्या भिंतीवर कितीतरी लावून झाली आहेत. "जेडचं काही सांगता येत नाही बाबा," मी म्हटलं. "संथ झाड आहे ते."

पुढच्या आठवड्यात नणंदेनं फांद्या माठात लावल्या. नळाच्या दिवशी हंडा उपडा करायची वेळ आली की त्या आता आधी जेड उचलून आत नेतात, मग ओतायला लागतात. हे त्यांनीच फोनवर सांगितलं. एक फांदी गेली. दोन उभ्या आहेत आणि दोन्हींच्या शेंड्याला नव्या पानांच्या जोड्या आल्या आहेत, म्हणजे मुळं कधीच धरली. त्यांनाही ते कळतं.

भाचा अधूनमधून मला फोन करून विचारतो, "मामी, झालं का मूळ?" मी सांगते, "धरतंय." मग थोड्या वेळानं नणंदेचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून होतं, भावाची चौकशी होते, आणि ठेवता ठेवता त्या विचारतात, "अजून हलवू नये, न्हाई का गं?"

"अजून नको, वन्सं," मी म्हणते.