बघा, मंग बोलू

फोन आला तेव्हा मी पुण्यात प्रयोगशाळेत होते. यंत्रावर नमुना चढवलेला होता, तो मध्येच सोडता येत नव्हता; म्हणून फोन खांदा आणि कान यांच्यात धरून मी बोलू लागले. पलीकडे बबनकाका होते, माझ्या सिंधूमावशीचे यजमान. ते स्वतः कधी फोन लावत नसत. फोन मावशीने लावायचा, मनसोक्त बोलायचे आणि शेवटी "घे, काकांशी बोल" म्हणून त्यांच्या हातात द्यायचा, असा त्या घरचा शिरस्ता. त्यामुळे पहिला आवाज त्यांचा ऐकला तिथेच मला निम्मे कळले. "मने, तुझी मावशी गेली," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "उजाडलं तरी उठली न्हाई म्हणून हाक मारली मी..." मागे गाई हंबरत होत्या. "गायांच्या कासा तटल्या व्हत्या. धारा काढल्या, मंग तुला फोन केला."

ही गोष्ट मी नंतर काही जणांना सांगितली तेव्हा त्यांना ती विचित्र वाटली. घरात बायको गेलेली आणि माणूस धारा काढत बसतो? ज्याच्या दावणीला दुभती जनावरे आहेत त्याला ती विचित्र वाटणार नाही. आणि सकाळच्या धारा नेहमी मावशीच काढत असे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या धारा काढताना काकांनी काय केले असेल हेही कळेल. ते पुढे सांगते.

मावशीचे घर आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळला. माझे आईवडील जुन्नरला असत. मावशीला मूल नव्हते. अकरावीला मी विज्ञान शाखा घेतली तेव्हा तिने आईला सांगून टाकले, की पोरगी माझ्याकडे राहील आणि मंचरच्या कॉलेजात जाईल. अशा रीतीने नव्वदच्या दशकाच्या अखेरची दोन वर्षे मी त्या घरात काढली. पदार्थविज्ञान मी कॉलेजात शिकले; पण एखाद्या विधानाकडे "कशावरून?" म्हणून पाहायची सवय मला गोठ्यात लागली, आणि ती सिनेमामुळे लागली, हे आज लिहिताना मलाच नवल वाटते.

मावशी आणि काका दोघांनाही सिनेमाचे वेड होते, आणि दोघांना एकत्र जाता येत नसे. अडचण साधी होती. तीनचा खेळ धरला तर परत यायला दिवस मावळायचा आणि संध्याकाळच्या धारांना घरात कोणीतरी हवे. गाय परक्या हाताला पान्हा सोडत नाही. मग मंचरच्या टॉकीजला नवा सिनेमा लागला, भोंगा लावलेली रिक्षा गावातून फिरून गेली, की एका रविवारी एकाने जायचे आणि पुढच्या रविवारी दुसऱ्याने. शहरात झळकलेला सिनेमा आमच्याकडे पोचेपर्यंत शिळा झालेला असे, पण आम्हाला तो नवाच. जो आधी पाहून येई त्याने एक अक्षर बोलायचे नाही, असा त्यांचा कडक नियम होता. चांगला आहे की वाईट, एवढेही नाही. आठवडाभर काका आडून आडून विचारत, "निदान गाणी तरी बरी हायेत का?" मावशी भाकरी थापता थापता म्हणे, "बघा, मंग बोलू."

आणि मग खरोखर बोलणे होई. दुसरा पाहून आला की गोठ्यात, धारेच्या वेळी. धार काढणारा गाईपाशी, आणि नुकताच सिनेमाहून आलेला समोर पालथ्या बादलीवर. तांबडी गाय मावशीच्या हाताची होती. मावशी सिनेमाला गेली असेल तेव्हा काका तिचे जुने निळे पातळ खांद्यावरून पांघरून खाली बसत. तेवढ्या वासावर तांबडी निमूट उभी राही. मावशी जीपमधून उतरून थेट गोठ्यात येई आणि दारातूनच विचारी, "काय वो हिरोईन, लाथ बसली का न्हाई?" काका पातळ सावरत म्हणत, "बस खाली. आधी सांग, शेवट पटला का तुला?"

शेवट मावशीला बहुधा पटलेला नसे. सर्वांची अपेक्षा अशी, की बायकांना रडके सिनेमे आवडतात आणि पुरुषांना हाणामारीचे. या घरात उलटे होते. काका पडद्यावरच्या प्रत्येकाला माफ करून टाकत. घर फुटले, भाऊ वैरी झाले, तरी शेवटच्या दृश्यात सगळे एका चौकटीत आले की त्यांचे पैसे वसूल. मावशीला हिशेब लागे. एका सिनेमात धाकटा भाऊ थोरल्याला घराबाहेर काढतो आणि शेवटी भर पावसात त्याच्या पाया पडतो. त्यावरचा वाद मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो.

"मानूस हाय. चुकतो," काका म्हणाले.

"चुकतो? रजिष्टर आपिसात नेऊन भावाचा अंगठा घेतला त्यानं. ते काय चुकून घेतला व्हय?"

"आगं पण रडला की त्यो शेवटाला."

"पावसात रडला. डोळ्याचं पानी कुठलं आन आभाळाचं कुठलं, तुमाला कळलं का?"

काका हरल्यासारखे हसले आणि म्हणाले, "मला कळलं." मावशीने माझ्याकडे पाहिले. "मने, तू सायन्सवाली. सांग, ह्याला पुरावा म्हनत्यात का?" मी गंभीरपणे सांगितले, की म्हणत नाहीत. काका मला म्हणाले, "तू पन तिच्याच पार्टीत जा, राव." त्या दिवशी दूध डेअरीवर उशिरा पोचले.

पुढे संशोधनाच्या अभ्यासक्रमात मी शिकले, की एकाच घटनेच्या दोन नोंदी परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच त्यांची तुलना करण्यात अर्थ असतो. पहिल्याचे मत दुसऱ्याच्या कानावर पडले की दुसरे निरीक्षण नासते. वर्गात हे ऐकताना मला त्या दोन रविवारांची आठवण झाली. आमच्याकडे हा नियम कोणी शिकवला नव्हता. एकमेकांचे मत त्यांना इतके मोलाचे वाटे, की ते कोरेच मिळावे म्हणून ती दोघे आठवडाभर कळ काढत.

एकदाच ती दोघे बरोबर सिनेमाला गेली. त्या वर्षी दोन्ही गाई एकदम आटल्या होत्या. मी बारावीची परीक्षा देऊन मोकळी होते. मावशीने ठेवणीतले पातळ नेसले, काकांनी टोपी धुऊन घेतली. परत आली ती अवघडलेली. मी चहा ठेवला आणि उत्सुकतेने विचारले, कसा होता? काका म्हणाले, "बरा व्हता." मावशीही म्हणाली, "व्हता बरा." आणि मग कोणी काही बोलेचना. थोड्या वेळाने मावशी चिडून म्हणाली, "ह्याला काय अर्थ हाय? तुमी कुठं रडलाव ते मला शेजारी दिसतच व्हतं. आता सांगनार काय तुमी?" काका म्हणाले, "तू हसलीस तवा मला बी रडायचं अवघड झालं." त्यानंतर गाई आटोत की विओत, ती दोघे पुन्हा कधी बरोबर गेली नाहीत.

मी पुण्याला आले. गावात केबल आली, मग सीडी आल्या. मंचरच्या बाजारात कांद्याच्या गोणींपलीकडे सिनेमांच्या चकत्या मिळू लागल्या. तांबडी गेली, तिच्या कालवडीची गाय झाली, आणि तीही मावशीच्याच हाताची. घरात पडदा आला तरी यांचे रविवार चालूच राहिले. मी मात्र त्यांच्या कारभारात एका नव्या नात्याने शिरले. पुण्यात सिनेमा आधी लागे, मी तो आधी पाही, आणि ज्याने पाहिला आहे त्याला मत सांगायला नियमाची आडकाठी नव्हती. त्यामुळे मावशी पाहून आली की तिला आठवडाभर थांबावे लागत नसे. ती मला फोन करी. प्रबंधाची घाई असताना, निकाल जुळत नसताना, ते फोन मी कधी चुकवले नाहीत. माझ्या मार्गदर्शकांपेक्षा ती प्रश्न नेमके विचारी.

शेवटचा सिनेमा तिने असाच काकांच्या आधी पाहिला. त्या संध्याकाळी तिचा फोन आला. ती पुष्कळ बोलली, नेहमीपेक्षा सावकाश. मधेच थांबत होती... मला वाटले, विचार करते आहे. शेवटाबद्दल तिने जे सांगितले ते मी तिच्याकडून तोवर कधी ऐकले नव्हते. मी म्हटले, "मावशी, हे काकांना ऐकून काय वाटेल ग?" ती हसली. "त्याचीच तर वाट बघतीय. पन तू बोलू नको हां. त्यांना बघू दे आधी."

पुढच्या रविवारी काकांची पाळी होती. पण कांदा काढणीला माणसे मिळाली होती आणि ती सोडून जाता येईना, म्हणून तो रविवार पुढे गेला. त्याच आठवड्यात मावशी गेली.

तेराव्यापर्यंत मी महाळुंग्यालाच होते. पहिल्या संध्याकाळी मी गोठ्याकडे गेले तर काका निळे पातळ खांद्यावर घेऊन गाईपाशी बसलेले. सकाळच्याही धारा त्यांनी तशाच काढल्या असणार. समोरची बादली पालथीच होती. मी तिच्यावर बसले नाही, उभी राहिले. मग पाठमोरेच ते म्हणाले, "तुला फोन केला व्हता ना तिनं? पिच्चर बघून आली तवा."

"केला होता."

"म्हंजी तुला म्हाईत हाय."

"आहे."

मला वाटले, आता विचारतील. त्यांनी विचारले असते तर मी सांगितले असते. नियम पाळायला सांगणारी आता नव्हती. त्यांनी कास पुसली, दुधाची बादली उचलली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी बघितल्याशिवाय सांगू नगस."

मंचरच्या टॉकीजवरून तो सिनेमा तोवर उतरला होता. गेल्या महिन्यात मी त्याची सीडी घेऊन गेले. मी सरळ विचार करणारी आहे: काकांना मावशीचे मत हवे आहे, त्याला सिनेमा पाहण्याची अट आहे, तर सिनेमा पोचवावा. काकांनी सीडी हातात घेतली, वेष्टनावरचे चित्र नीट न्याहाळले आणि दूरदर्शन संचाच्या वर, मावशीच्या फोटोशेजारी ठेवून दिली.

"लावू का आत्ता?" मी विचारले.

"नगं."

"मग कधी पाहणार?"

"बघीन की," ते म्हणाले. "बघितला, तू सांगितलंस, मी माझं सांगितलं... मंग संपलंच की, मने. अजून तिचं एक बोलनं ऐकायचं ऱ्हायलंय माझं. ऱ्हाऊ दे तेवढं."

मी सीडी होती तिथेच राहू दिली.

संध्याकाळी धारांची वेळ झाली. काकांनी खुंटीवरचे पातळ काढून खांद्यावर घेतले. ते अजून धुतलेले नाही, पण इतक्या दिवसांनी त्याला मावशीचा वास राहिला असेल असे मला वाटत नाही. शेणाचा आणि काकांच्या घामाचाच असणार. मी म्हटले, "काका, गाय आता तुमच्या हाताला सरावली असेल. पातळ न घेता एकदा बसून पाहा."

"बसलो व्हतो," ते म्हणाले. "मागल्याच आठवड्यात. दिलं की दूध तिनं." आणि पदर मानेशी नीट ओढून घेऊन ते गाईपाशी टेकले.

या लेखात मी त्या सिनेमाचे नाव घेतलेले नाही. त्याची कथा, त्यातली माणसे, काहीच सांगितलेले नाही. वाचकांना ते खटकले असेल. पण वर्तमानपत्राची ही पुरवणी रविवारी महाळुंग्याला जाते, आणि सकाळच्या धारा आटोपल्या की काका ती ओट्यावर बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मावशीचे मत माझ्याकडे आहे, तिच्याच शब्दांत, काही गाळलेले नाही. काका, घाई नाही. बघा, मंग बोलू.