राऊटरला लावलेलं कुंकू

डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर दादा-वहिनी राहतात आणि चौथ्यावर आम्ही. इंटरनेटचं कनेक्शन एकच, दादाच्या हॉलमधलं. तिथून डक्टमधून, ड्रेनेजच्या पाइपांना वळसा घालून, मी चौथ्या मजल्यापर्यंत वायर ओढली होती. आमच्याकडे ती चपलांच्या कपाटावर ठेवलेल्या स्विचच्या डबीत शिरायची आणि तिथून घरभर फुटायची. प्रिंटर दादाकडे होता. मी वरून प्रिंट दिली की पाच मिनिटांनी वहिनींचा फोन यायचा, "भावोजी, तुमची पानं आलीयत, घेऊन जा." दोन घरांतले पाच कॉम्प्युटर एकमेकांना बघत होते, याचा मला फार अभिमान होता. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना चहा मिळायच्या आधी माझं नेटवर्क बघावं लागायचं.

अभिमान वाटायला कारण होतं. नवी मुंबईतल्या एका कंपनीत मी हेच काम करतो. ऑफिसभरचे कॉम्प्युटर, राऊटर, स्विच सांभाळायचे आणि काही बंद पडलं की कुणी कुठे हात लावला ते शोधायचं. हे दुसरं काम मला जरा जास्तच जमतं. वीस वर्षांत माझी अशी पक्की समजूत झालेली की यंत्रं आपणहून बिघडत नाहीत, माणसं त्यांना बिघडवतात. त्या माणसांत मी स्वतःला कधी मोजलं नव्हतं.

वहिनी पूर्वी ठाण्याला एका इन्शुरन्सच्या ऑफिसात होत्या. क्लेमचे कागद तपासायचं काम. पुतणी झाली तेव्हा नोकरी सोडली, ती सुटलीच. पुतणी सातवीत गेली त्या वर्षी आंबिवलीच्या त्यांच्या माहेरच्या मैत्रिणीने एक जाहिरात पाठवली. काम तेच, क्लेम तपासायचं, पण घरून. आधी ऑनलाइन परीक्षा, ती पास झाली तर मुलाखत. वहिनींनी महिनाभर तयारी केली. दुपारी सगळं आवरलं की आतल्या खोलीचं दार लावून बसायच्या. एकदा मी प्रिंट घ्यायला गेलेलो, तेव्हा मला म्हणाल्या, "भावोजी, पगाराचं राहू दे. मला पुन्हा कुणीतरी मॅडम म्हणावं असं वाटतं हो." आणि स्वतःच लाजल्या.

आतल्या खोलीत वायफाय धड पोहोचत नव्हतं. ते ठीक करून द्या, असं त्यांनी मला पंधरा दिवस आधी सांगितलं होतं. मी आज करतो, उद्या करतो असं करत दसऱ्यापर्यंत आणलं. वर म्हटलं, नवी वस्तू मुहूर्तावर लागलेली बरी. परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला होती.

दसऱ्याला दुपारी मी नवा राऊटर घेऊन खाली गेलो. हॉलमधून आतल्या खोलीत वायर नेली, ती नव्या राऊटरला लावली, राऊटरची वायर वहिनींच्या कॉम्प्युटरला. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक आकडी पत्ता लागतो आणि तो राऊटर वाटून देतो. वाटणारा एकच असावा लागतो. पत्ते खेळताना दोघेजण आपापला कॅट घेऊन एकाच डावात वाटायला बसले तर जो गोंधळ होईल, तोच इथे होतो. म्हणून दुसरा राऊटर लावला की त्याच्या आत जाऊन त्याचं वाटप बंद करायचं. चौकोनातली एक बरोबरची खूण काढून टाकायची आणि सेव्ह म्हणायचं, बस. ऑफिसात नवीन आलेल्यांना मी पहिल्याच आठवड्यात हे शिकवतो आणि विसरले तर चारचौघांत त्यांची कानउघाडणी करतो.

माझ्या लॅपटॉपवर मी त्या पानापर्यंत पोहोचलो होतो. तेवढ्यात वहिनींनी हाक मारली, "भावोजी, पुऱ्या गार होतायत." मी उठलो. श्रीखंड झालं, पुऱ्या झाल्या, दादाशी गप्पा झाल्या. परत आलो तेव्हा कॉम्प्युटरवर नेट झकास चालत होतं, कारण त्याच्याकडे सकाळचा जुनाच पत्ता होता. मी म्हटलं, "झालं काम." आणि लॅपटॉप मिटला.

वहिनी तबक घेऊन पूजा करत फिरत होत्या. पुतणीची पाटी झाली, शिलाई मशीन झालं, कॉम्प्युटर झाला. नव्या राऊटरपाशी त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या यंत्रांना हात लावायचा नाही, हा दोन्ही घरांत कायदा होता. मीच म्हटलं, "लावा, लावा. याला पण आशीर्वाद मिळू दे." त्यांनी राऊटरच्या टपावर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं, वर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. मी तिथेच उभा होतो, हसत. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ऑफिसची बस नेहमीप्रमाणे शीळफाट्याला अडकली होती. नऊला वहिनींचा फोन आला. "भावोजी, नेट लागतच नाहीये. कॉम्प्युटर आत्ता चालू केला. साडेनऊला परीक्षा आहे."

अर्धा तास होता हातात. अर्धा तास म्हणजे खूप झाला. हॉलमधून आलेली वायर नव्या राऊटरमधून काढा आणि सरळ कॉम्प्युटरला लावा, एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर काम भागलं असतं. काल नवा राऊटर कुणी लावला? मी. मग आज बिघडलं तर पहिला संशय कुणावर यायला हवा? पण मी सवयीने विचारलं, "कशाला हात लावलात?"

"कशालाच नाही हो. काल फक्त ते कुंकू..."

"बघा!" मी म्हणालो. "कुंकू आत गेलं असणार. पोर्टमध्ये."

बसमध्ये आजूबाजूला ऑफिसातलेच लोक होते. शेजारच्याने भुवया उडवल्या. मला चेव आला. फोन कानाला तसाच धरून मी मोठ्याने म्हणालो, "आमच्या वहिनींनी राऊटरला कुंकू लावलंय!" सगळी बस हसली. ते हसू वहिनींना ऐकू गेलं असणारच.

मग मी त्यांना कामाला लावलं. राऊटर बंद करा, कापसाने पुसा, सुईने भोकं साफ करा, फुंकर मारा, पुन्हा चालू करा. त्या सगळं निमूट करत होत्या आणि प्रत्येक वेळी "झालं भावोजी, तरी नाही" म्हणत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "मोबाइलवरून नेट घेऊ का?" मी म्हटलं, "आधी हे नीट होऊ दे, भलतीकडे जाऊ नका." शेवटी माझं न ऐकता त्यांनी मोबाइलवरून नेट घेतलं तेव्हा दहा वाजायला आले होते. पडद्यावर आलं, प्रवेशाची वेळ संपली आहे.

संध्याकाळी मी परस्पर दुसऱ्या मजल्यावर गेलो. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. मी पुन्हा एकदा राऊटर कापसाने पुसला, कापूस लालसर झाला, तो दादाला दाखवला. मग लॅपटॉप उघडला. दोन मिनिटंही लागली नाहीत. नवा राऊटर मजेत पत्ते वाटत बसला होता. ती खूण तशीच होती. सकाळी वहिनींचा कॉम्प्युटर नव्याने पत्ता मागायला निघाला आणि याने सर्वांत आधी हात पुढे करून त्याला भलताच पत्ता दिला. कुंकवाचा काही संबंध नव्हता. ते टपावर होतं, पोर्ट मागच्या बाजूला होते.

मी खूण काढून टाकली, सेव्ह म्हटलं, नेट आलं.

दादा मागे उभा होता. त्याने फक्त एवढंच बघितलं की मी पुसलं आणि नेट आलं. "बघ," तो आतल्या दिशेने ओरडला, "पुसल्यावर आलं ना!" आणि मला विचारलं, "कुंकूच होतं ना रे?"

मी म्हटलं, "हं."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललोय, पण त्या एका अक्षराची मला जेवढी लाज वाटते तेवढी कशाचीच वाटत नाही. त्यात एक धड शब्दही नाही. मी स्वतःला समजावलं की परीक्षा तर गेलीच आहे, आता सांगून काय होणार. खरं असं की मला माझी कॉलर ताठ ठेवायची होती. वहिनींनी कंपनीला दोनदा मेल केली, उत्तर आलं नाही.

त्याला आता चार वर्षं होतील. त्या चार वर्षांत दादाने ही गोष्ट कुठे सांगितली नाही असं ठिकाण नाही. कल्याणला चुलतभावाच्या लग्नात भर पंगतीत म्हणाला, "हिने राऊटरची ओटी भरली आणि नोकरी घालवली!" लोक पोट धरून हसले. वहिनीही हसल्या. मी जिलबी खात होतो. कुणीतरी मला विचारलं, "खरंच असं होतं का हो?" मी म्हटलं, "होऊ शकतं." म्हणजे नुसता गप्प बसलो असंही नाही. माझ्या शिक्षणाचा शिक्का मारून दिला.

पुढच्या दसऱ्याला वहिनी तबक घेऊन आल्या, शिलाई मशीनची पूजा केली आणि कॉम्प्युटरला वळसा घालून निघून गेल्या. हळूहळू त्या प्रिंटरचं बटण दाबायच्या आधीही वर फोन करायला लागल्या. ज्या बाईने नऊ वर्षं लोकांच्या क्लेममधल्या चुका पकडल्या, ती मला विचारायची, "भावोजी, चार्जर या सॉकेटला लावला तर चालेल ना?" मला आत कुठेतरी टोचायचं, आणि मी उदार चेहरा करून म्हणायचो, "चालेल, चालेल."

गेल्या महिन्यात त्याच मैत्रिणीने आणखी एक काम सुचवलं. मी खाली गेलो तेव्हा पुतणी आईच्या मागे लागली होती. "अगं, तू भर ना फॉर्म, मी बसते बाजूला." वहिनी म्हणाल्या, "नको गं. मशीनच्या बाबतीत माझ्या हाताला यश नाही." हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, मला वांगं सोसत नाही, असं म्हणावं तसं. मी तसाच जिन्याने वर आलो आणि बराच वेळ चपलांच्या कपाटापाशी उभा राहिलो.

रविवारी सकाळी धीर करून गेलो. दादा बाजारात गेला होता. वहिनी मेथी निवडत होत्या. मी समोर बसलो आणि सुरुवात केली. कशी? तर म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी नेटवर्कमध्ये दोन ठिकाणांहून अॅड्रेस असाइन होत होते, सेकंड राऊटरचं कॉन्फिगरेशन अपूर्ण होतं, त्यामुळे तुमच्या मशीनला चुकीचा गेटवे मिळाला." पाच-सात मिनिटं बोललो. माफी मागितल्यासारखं मला वाटत होतं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मी थांबलो तसं त्यांनी विचारलं, "म्हणजे माझं कुंकू नक्की कुठे गेलेलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं बोलून मी त्यांना त्यांचीच चूक नीट समजावून सांगत होतो, असं त्यांना वाटलं होतं.

मग मी सरळ बोललो. "वहिनी, कुंकू कुठेच गेलं नव्हतं. चूक माझी होती. जेवायला उठलो आणि काम अर्धं राहिलं. संध्याकाळी मला ते कळलं होतं, आणि मी सांगितलं नाही."

त्यांच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. रागावतील असं वाटलं, रडतील असं वाटलं. त्यांनी ती काडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "त्याच संध्याकाळी कळलेलं?"

"हो."

"चार वर्षं झाली, भावोजी."

त्यांनी मेथी बाजूला सारली. "ह्यांना सांगाल का? माझ्यासमोर सांगा."

दुपारी जेवताना मी दादाला सांगितलं. या वेळी एकही इंग्रजी शब्द वापरला नाही. दादाने घास घेता घेता माझ्याकडे बघितलं आणि हसला. "अरे, तू कशाला तिच्या चुका अंगावर घेतोयस? फॉर्म भरायला ती नाही म्हणतेय म्हणून ना? पोरीने सांगितलं वाटतं तुला."

"दादा, खरंच माझी चूक होती."

"तुझी? तू हेच काम करतोस रे. आणि तो लाल कापूस मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय." त्याने वहिनींकडे मान वळवली. "बघ, ती तरी काही बोलतेय का?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. दादाने रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. वहिनी आमटीचं पातेलं उचलून आत गेल्या.